योलानचा ताप

केर्तेशफा गावच्या दवाखान्यात योलान बोग्नार गेली सत्तावीस वर्षं परिचारिका होती, आणि रक्त काढून घ्यायचं तर योलानकडूनच, असं आसपासच्या चार गावांत मानलं जाई. शिरा सापडत नाहीत अशा म्हाताऱ्या, सुई पाहून डोळे पांढरे करणारे धिप्पाड लाकूडतोडे, तापानं फणफणलेली तान्ही मुलं, सगळ्यांना तिचा हात चालायचा. सुई आत गेली कधी आणि बाहेर आली कधी हे कळायच्या आत ती कापसाचा बोळा दाबून पुढच्याला हाक मारत असे. तोच हात जंगलात, मचाणावर, माजावर आलेला हरणाचा नर समोर उभा राहिला की लटलट कापू लागतो, ही गोष्ट गावाला कित्येक हिवाळे पुरेल इतक्या करमणुकीची वाटली, यात काही नवल नव्हतं.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी परीक्षा देऊन तिनं शिकारीचा परवाना मिळवला होता. रानडुकरं, माद्या, कोल्हे यांच्या बाबतीत कधी अडचण आली नाही. पण सप्टेंबर उजाडला, ओकच्या रानातून नरांचे हंबर घुमू लागले आणि पहाटेच्या धुक्यातून ती शिंगं वर आली, की तिच्या छातीत कोणीतरी दार ठोठावू लागे, तोंड कोरडं पडे, गुडघे एकमेकांवर आपटत आणि रायफलची नळी आकाशात वर्तुळं काढू लागे. शिकारी याला ताप म्हणतात. तो थोडाबहुत सगळ्यांनाच येतो. तिला मात्र असा येई की मचाणाच्या फळ्या वाजत. पहिल्या वर्षी तिची गोळी झाडात घुसली. दुसऱ्या वर्षी चाप दाबलाच गेला नाही. तिसऱ्या वर्षी तो दाबला गेला, आणि नर पोटात गोळी घेऊन पळाला. माग काढणाऱ्या कुत्रीनं दोन दिवस रक्त हुंगलं, मग ओढ्यापाशी तेही संपलं. चौथ्या दिवशी कावळ्यांमुळे तो सापडला. योलान स्वतः तिथं गेली होती, आणि तिनं जे पाहिलं ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी शिकारमंडळाची बैठक भरली. मंडळाचा अध्यक्ष गेलेर्त हा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, शाळेत तिच्याच वर्गात असलेला गडी. त्यानं विषय काढला तो शक्य तितक्या गोड शब्दांत.

"योलान, तुला कोणी हाकलत नाहीये. माद्या आहेत, डुकरं आहेत, हवी तेवढी मार. फक्त नरांचं सोडून दे."

"नाहीतर मचाणाला पाचर तरी मारून घे," मागून कोणीतरी म्हणालं. "एक दिवस कोचोन्यासकट खाली येईल ते."

कोचोन्या म्हणजे डुकराच्या पायांच्या रश्शाची थिजवलेली जेली, ताटलीला धक्का लागला की थरथरणारी. दोन वर्षं तिला पाठीमागे हेच नाव होतं. खोली हसली. योलान हसणं संपेपर्यंत बसून राहिली आणि मग उठली.

"झालं हसून? ते हरीण चार दिवस मरत होतं. माझ्यामुळे. तुमच्यापैकी कोणालाही आठवत नसेल इतक्या वेळा मला ते आठवतं. म्हणूनच मी जाणार. एक नर, याच सप्टेंबरात. हात हलला तर परवाना मीच या टेबलावर आणून ठेवीन, तुम्हाला मागायला लागणार नाही. आणि नाही हलला, तर ते नाव इथं पुन्हा ऐकू येता कामा नये."

मग खिडकीपाशी बसलेला अंब्रुश, ज्याला सगळं गाव बाची, म्हणजे काका, म्हणे, तो मंडळाचा म्हातारा रानरखवालदार पाइपमधली राख झाडत म्हणाला, "मी बसतो तिच्या शेजारी."

अंब्रुश बाचीनं तिला पंधरा दिवस शिकवलं. त्याची पद्धत साधी होती. घराच्या तळघराच्या पायऱ्या दहा वेळा चढून उतरायच्या, छाती भात्यासारखी चालू लागली की रिकामी रायफल घेऊन बसायचं आणि अंगणापलीकडच्या भिंतीवर ठेवलेल्या साखरेच्या डब्यावर नेम धरायचा. "शिंगांकडे बघायचं नाही. एकदा बघितलंस ना, तेवढं पुरे. मग खांद्यामागे चार बोटं, तिथली एक केसांची बट निवड, आणि जगात तेवढीच आहे असं समज. श्वास सगळा बाहेर सोड. तळाला गेलीस की तिथं थांब. ताप येऊ नये म्हणून भांडत बसू नकोस, पोरी. तो चांगल्या माणसालाच येतो. ज्याला येत नाही त्याच्या शेजारी मी बसत नाही."

तिचा नवरा वेंडेल खिडकीतून हे सगळं बघे. तो लोहार होता, म्हणजे आता नावापुरताच. भट्टी थंड होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तो अंड्यांना नाल ठोकत असे. आतून रिकाम्या केलेल्या अंड्याच्या कवचाला कणाएवढी भोकं पाडायची आणि नखाएवढे लोखंडी नाल चिमुकल्या खिळ्यांनी त्यावर बसवायचे, ही त्या भागातल्या लोहारांची जुनी हौस. वेंडेलनं तिचा धंदा केला होता. त्या वर्षी हंसिणीच्या एका मोठ्या अंड्यावर तो एकशे चाळीस नाल बसवत होता, ऑक्टोबरात शहरातल्या प्रदर्शनात ठेवण्यासाठी. एकशे सहा बसले होते. पहाटे, गाव जागं होण्यापूर्वी, रस्त्यावरून ट्रक जाऊन टेबल हादरण्यापूर्वी, तो हे काम करी. अकरा वर्षांत त्याच्या हातून एकही अंडं फुटलं नव्हतं.

"उडव एकदाची ती साखर," तो खिडकीतून म्हणे. "आपल्या दोघांनाही डॉक्टरनं बंदच केली आहे."

सप्टेंबरच्या बारा तारखेला ती अंब्रुश बाचीसोबत पहिल्यांदा मचाणावर चढली. खाली ओली कुरणाची पट्टी, पलीकडे ओकचं रान, मधे गुडघाभर धुकं. पावणेसहाच्या सुमाराला रानाच्या कडेनं एक कोवळा नर बाहेर आला. तो मारायचा नव्हता. त्याच्यावर फक्त सराव करायचा असं ठरलं होतं. तरीही ठोठावणं सुरू झालं, मनगटं हलू लागली, दातावर दात आपटला. योलाननं केसांची एक बट निवडली, सगळा श्वास बाहेर सोडला, तळाला गेली आणि थांबली.

थरथर गेली.

कमी झाली, ओसरली, असं म्हणता आलं नसतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस उठून खोलीबाहेर जावा आणि दार ओढून घ्यावं, तशी ती गेली. रायफलवरच्या दुर्बिणीतली नेमाची फुली हरणाच्या अंगावर खिळ्यानं ठोकल्यासारखी स्थिर झाली. योलाननं आपला हात पाहिला. दवाखान्यातला हात होता तो.

जीपपाशी आल्यावर अंब्रुश बाचीनं विचारलं, "मधे तू श्वास घेत होतीस का गं?"

"घेतच असणार," ती म्हणाली आणि हसली.

घरी येताना तिनं बेकरीतून खसखशीचा रोल घेतला. स्वयंपाकघरात वेंडेल टेबलाशी बसला होता आणि त्याच्यासमोर एका कोंबडीच्या अंड्याचे तुकडे होते, सहा नाल अजून तुकड्यांना चिकटलेले. मोठं अंडं कपाटात सुखरूप होतं.

"हात हलला," तो म्हणाला. "म्हातारा झालो."

दोन दिवसांनी ती पुन्हा गेली. या वेळी दुरून एक पूर्ण वाढलेला नर दिसला, मानेवर काळी आयाळ, आणि त्याच्या डाव्या शिंगाचा तिसरा फाटा मुळापासून मोडलेला. फार लांब होता, पलीकडच्या उतारावर. दोन मिनिटं उभा राहून हंबरला आणि गेला. त्या दोन मिनिटांत तेच घडलं, फक्त या वेळी तिला श्वास तळापर्यंत सोडावाही लागला नाही. घरी आली तेव्हा वेंडेलच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं, दुसरं एक अंडं फुटलं होतं, आणि तो टेबलावर कोपरं टेकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"आज किती वाजता?" त्यानं विचारलं.

"काय किती वाजता?"

"हरीण. किती वाजता दिसलं?"

"सहाला पाच कमी असतील."

त्यानं मान हलवली. मग तो म्हणाला, "मोठा होता ना? डावीकडचा तिसरा फाटा नाही त्याला."

योलान खुर्चीवर बसली. ती थेट रानातून घरी आली होती. त्या नराबद्दल तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि वेंडेलनं सबंध आयुष्यात एकदाही मचाणावर पाय ठेवला नव्हता.

"अंब्रुश बाचीनं फोन केला होता का?"

"नाही."

"मग मी जाणं बंद करते," ती म्हणाली. हे बोलायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"का?" वेंडेलनं विचारलं, आणि त्याच्या आवाजाला अशी धार होती की तिनं वर पाहिलं. "दोन कोंबडीच्या अंड्यांसाठी? त्या गेलेर्तच्या टेबलावर परवाना ठेवणार तू? माझ्या बायकोला कोचोन्या म्हणतात ते, आणि मी त्यांच्या घोड्यांना तीस वर्षं नाल ठोकले. जायचं. तुझा हात शांत राहतो ना? मग झालं. ते घरातच येतंय, परक्याकडे तर जात नाही."

"तुला त्रास होतो."

वेंडेल आपल्या हातांकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर तिला अनोळखी असं काहीतरी आलं होतं, लाजल्यासारखं.

"मला वाटलं होतं भीती असेल," तो म्हणाला. "भीती आहेच. पण अर्धीच. उरलेलं... योलान, एवढी वर्षं तू हे घेऊन फिरत होतीस आणि मला कधी सांगितलं नाहीस? छाती फुटेल असं वाटतं. असं मला कधीच झालं नव्हतं. आपल्या लग्नातसुद्धा नाही." तो किंचित हसला. "राग मानू नकोस."

तिनं राग मानला नाही. पण त्या दिवशी दवाखान्यात रक्त काढताना तिच्या लक्षात आलं की मचाणावर शांत असताना तिला काहीच वाटत नव्हतं. हंबर कानावर येत होता, धुकं दिसत होतं, हरीण दिसत होतं, जसं दुसऱ्याच्या घरातल्या भिंतीवरचं चित्र दिसावं. दर वर्षी तिला पहाटे अंथरुणातून उठवून चिखलात नेणारं जे काही होतं, ज्याची तिला लाज वाटत आली होती, ते तिच्याजवळ नव्हतं. ते घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात वेंडेल बदलला. पहाटे तो तिच्या आधी उठू लागला. कॉफी तयार, भाकरीवर डुकराची चरबी आणि कांदा लावून पुडकं तयार, बूट दारात जोडून ठेवलेले. पाऊस असला तर तो खिडकीपाशी उभा राहून चुकचुके. अंड्यांचं काम त्यानं बाजूला ठेवलं नव्हतं, असं तो म्हणे, पण मोठ्या अंड्यावरचे नाल एकशे सहाच राहिले. ती रिकाम्या हातानं परतली, हरीण दिसलंच नाही असं म्हणाली, की त्याचा चेहरा उतरे. आणि तिला कळे की त्याला ते आधीच ठाऊक आहे.

एकवीस तारखेला संध्याकाळी, सूप वाढताना, तिनं डाव खाली ठेवला.

"मला ते परत हवंय," ती म्हणाली.

वेंडेलनं समजलं नाही असं दाखवलं नाही. "आणि हात हलला म्हणजे? पुन्हा पोटात मारशील? पुन्हा चार दिवस?"

"हलला तर चाप दाबणार नाही. ते माझं मी बघीन. पण ते माझं आहे, वेंडेल. लाज वाटायची तेव्हाही माझंच होतं."

"तुला नको होतं ते."

"नको होतं, म्हणून काय झालं? मी कोणाला दिलं नव्हतं."

तो चमचा बशीत फिरवत राहिला. सूप थंड झालं. शेवटी तो म्हणाला, "उद्या धुकं असेल. तो येणार." आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. मचाणावर अंब्रुश बाची तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसला. गेल्या खेपेपासून तो असाच बसे. "खरं सांगू का," तो कुजबुजला, "तू हलायचीस तेव्हा मला बरं वाटायचं. आता तुझ्या शेजारी बसलं की थंडी वाजते." ती मनाशी ठरवत होती. श्वास रोखायचा नाही. केसांची बट निवडायची नाही. शिंगांकडे सरळ बघायचं, मन भरेपर्यंत बघायचं.

हंबर आधी आला, इतक्या जवळून की मचाणाच्या खांबांत घुमला. मग तो आला. धुक्यातून आधी शिंगं, मग काळी आयाळ, मग अंगातून निघणारी वाफ. साठ पावलांवर तो आडवा उभा राहिला. योलाननं शिंगांकडे पाहिलं आणि तिच्या छातीत दार ठोठावलं गेलं, एकदा, दोनदा, आणि गुडघा गुडघ्यावर आपटला, आणि तिच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. आलं, तिला वाटलं. आलं माझं.

आणि तिच्या अंगातून ते ओढलं गेलं. या वेळी ते आपणहून गेलं नाही. टेबलावरची चादर कोणी दुसऱ्या टोकाकडून ओढून घ्यावी तसं ते बोटांतून, खांद्यांतून, मानेतून सरकत गेलं, आणि तिनं आतल्या आत दात रोवून ते धरून ठेवायचा प्रयत्न केला तरी गेलंच. चार कोसांवरच्या स्वयंपाकघरात दोन्ही कोपरं टेबलावर टेकून डोळे मिटून बसलेला माणूस तिला स्पष्ट दिसला.

फुली खांद्यामागे चार बोटांवर थांबली होती. हलायचं नाव नव्हतं.

तिला रायफल खाली ठेवता आली असती. पण एक गोष्ट तिला ठाऊक होती, ती सगळेच शिकारी जाणतात: गोळी सुटल्यावर ताप येतोच. दगडासारखा माणूस असला तरी गोळीनंतर त्याचे पाय जातात, सिगारेट पेटवता येत नाही. तिथं आपण त्याला गाठू, असं तिनं ठरवलं, आणि चाप दाबला.

नर दोन उड्या मारून कोसळला. उठला नाही. यापेक्षा स्वच्छ गोळी आपण पाहिली नाही, असं अंब्रुश बाची पुढं कित्येक दिवस लोकांना सांगत होता.

"बस आता," तो तिला म्हणाला. "पाय जातील. बसून घे."

ती बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धुकं वर चढू लागलं. ती आपल्या हातांकडे बघत वाट पाहत राहिली, आणि हात मांडीवर पडून राहिले, दुसऱ्या कोणाचे तरी विसरलेले हातमोजे पडून राहावेत तसे. मग ती खाली उतरली. अंब्रुश बाचीनं शिकाऱ्यांच्या रीतीप्रमाणे ओकच्या दोन डहाळ्या तोडल्या, एक हरणाच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून, दुसरी रक्तात बुडवून आपल्या टोपीवर ठेवून तिच्यापुढे धरली आणि तिचा हात हातात घेऊन दाबला. तिनं डहाळी टोपीत खोचली. गेलेर्तही पोचला होता, ट्रॅक्टर घेऊन. त्यानं गोळीची जागा पाहिली, बोटं लावून मोजली आणि टोपी काढली.

"बोललो ते मागे घेतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर घेईन."

"घेशीलच," योलान म्हणाली.

नऊ वाजता ती घरी आली. वेंडेल जमिनीवर गुडघे टेकून कवचाचे तुकडे गोळा करत होता. मोठं अंडं होतं ते. एकशे सहा नाल फरशीवर विखुरले होते आणि तो एकेक उचलून वाटीत टाकत होता, अगदी स्थिर हातानं. त्याचा चेहरा रडून सुजला होता.

"तू ओढलंस," ती म्हणाली.

"ओढलं." त्यानं वर पाहिलं नाही. "मी अंडं हातात घेऊन बसलो होतो. वाटलं, हेही हातात असू दे. मग गोळी सुटली, आणि योलान, गेलं ते. एकदम. मला वाटलं तुझ्याकडे परत गेलं."

"माझ्याकडे नाही आलं."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. चारही हात शांत होते. "मग कुठं गेलं?" वेंडेलनं विचारलं, हरवलेल्या माणसाची चौकशी करावी तसं.

दुपारी तीनच्या सुमाराला अंब्रुश बाचीचा फोन आला.

"जरा शीतघरात येतेस?"

"काय झालं?"

"ये तू," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "एकटीच ये."

शिकारमंडळाच्या घरामागे सिमेंटची ती खोली होती. आत चार अंशांची थंडी आणि पांढरा उजेड. दारात अंब्रुश बाची आणि गेलेर्त उभे होते. दोघांपैकी कोणीही आत जात नव्हतं. गेलेर्तनं कोटाच्या खिशात हात घातले होते आणि तो जमिनीकडे बघत होता.

"नसा असतात," तो म्हणाला. "मेल्यावरही स्नायू थोडा वेळ..."

"किती वेळ?" अंब्रुश बाचीनं त्याला विचारलं. "नऊ तास झाले. सोललं नाहीये, पण पोट रिकामं केलंय मी स्वतः. काळीज, फुप्फुसं, सगळं काढलंय. बादलीत आहे."

योलान आत गेली.

नर मागच्या पायांनी आकड्याला टांगलेला होता, शिंगं जवळजवळ जमिनीला टेकलेली, छाती वरपासून खालपर्यंत उघडी, आणि आत लाल, स्वच्छ पोकळी. तिनं आधी डोळ्यांकडे पाहिलं. ते मेलेलेच होते. मग तिला कातडं दिसलं. मानेपासून पुठ्ठ्यांपर्यंत सबंध अंगभर ते बारीक बारीक थरथरत होतं, उन्हाळ्यात माश्या बसल्या की गुरांचं अंग थरथरतं तसं, पण अखंड. आकड्याची साखळी हलक्या आवाजात वाजत होती. त्या थरथरण्याला एक लय होती. दोन ठोके लगोलग, मग एक लांब. दर सप्टेंबरात आपल्या छातीत ठोठावणारी ती लय ओळखायला योलानला जवळ जावं लागलं नाही.

"बाहेर ये, पोरी," अंब्रुश बाची दारातून म्हणाला. "आपण याला पुरून टाकू. कोणाला काही सांगायचं नाही."

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली.

"योलान."

"दार ओढून घ्या."

दार ओढलं गेलं नाही. दोघं तिथंच उभे राहिले. तिनं कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, दवाखान्यात करी तशा, आणि उजवा तळहात हरणाच्या बरगड्यांवर टेकवला. कातडं बर्फासारखं गार होतं. मग डावा टेकवला.

"दे," ती हळूच म्हणाली. "माझं आहे."

थरथर थांबली. साखळी थांबली. एखाद्यानं अंधारात आपलं नाव ऐकून मान वळवावी इतका वेळ सगळं थांबलं. मग लांबून, पुठ्ठ्यांतून आणि मानेतून, कातड्याखालचं ते सगळं तिच्या हातांच्या दिशेनं सरकू लागलं. आणि ते तिच्या एकटीपुरतं जेवढं असे, त्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं; हरणाचं स्वतःचंही त्यात होतं.

तिनं हात काढले नाहीत.